हायड्रोजन इंजिन : थेट फवारणीचे कोडे

हायड्रोजनवर धावणारे वाहन म्हटले, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वीजनिर्मिती करणारा ‘फ्युएल सेल’ येतो. मात्र नेहमीच्या इंजिनात पेट्रोलऐवजी हायड्रोजन जाळण्याची कल्पना त्याहूनही जुनी आहे. फ्रान्स्वा इसाक द रिवाझ या स्विस संशोधकाने अशा इंजिनाचे पेटंट १८०७ मध्येच घेतले होते. दोन शतके उलटूनही हे इंजिन सर्वसामान्यांच्या वापरात आलेले नाही. त्यामागील एक प्रमुख अडचण इंधन सिलिंडरमध्ये सोडण्याच्या पद्धतीत दडलेली आहे.

सोपी पद्धत म्हणजे आत येणाऱ्या हवेतच हायड्रोजन मिसळणे. पण हा वायू अत्यंत हलका असल्याने मिश्रणातील जवळपास ३० टक्के जागा तोच व्यापतो. तेवढी हवा कमी होते आणि शक्ती घटते. शिवाय हवेत ४ ते ७५ टक्के अशा कोणत्याही प्रमाणात तो पेट घेतो. त्यासाठी लागणारी ठिणगीची ऊर्जा पेट्रोलच्या दहाव्या हिश्शाइतकीही नसते. त्यामुळे तापलेल्या झडपेच्या नुसत्या स्पर्शाने आग उलट हवेच्या नळीत शिरण्याचा धोका असतो. बीएमडब्ल्यूने २००६ मध्ये सादर केलेल्या ‘हायड्रोजन ७’ या मोटारीत हीच पद्धत होती. तिच्या सहा लिटरच्या इंजिनाची शक्ती २६० अश्वशक्ती होती. त्याच आकाराचे पेट्रोल इंजिन ४४५ अश्वशक्ती देत असे. या तफावतीचे एक कारण वायूने अडवलेली जागा हे होते.

यावर उपाय म्हणजे थेट फवारणी. हवा आत घेऊन झडप मिटल्यानंतरच हायड्रोजन सिलिंडरमध्ये सोडायचा. त्यामुळे हवेची जागा अडत नाही आणि आगीला मागे जायला वाटही उरत नाही. मात्र येथून नव्या अडचणी सुरू होतात.

वेळ अपुरा : मिनिटाला सहा हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात दट्ट्या वर जाऊन हवा दाबण्यास केवळ पाच मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात वायू आत सोडून हवेत एकजीव करावा लागतो. मिश्रण असमान राहिल्यास दाट भागात तापमान वाढते व नायट्रोजनची प्रदूषक ऑक्साइडे तयार होतात. धुरात कार्बन नाममात्र असला, तरी हे प्रदूषण उरतेच.

इंजेक्टरची कसोटी : सामान्य दाबाला, पेट्रोलइतकी ऊर्जा मिळण्यासाठी सुमारे तीन हजार पट आकारमानाचा हायड्रोजन लागतो. साहजिकच इंजेक्टरचे तोंड मोठे हवे; तरीही ते मिटल्यावर जगातील सर्वांत लहान रेणूची गळती होता कामा नये. डिझेलप्रमाणे या वायूत वंगणाचा अंश नसल्याने भाग लवकर झिजतात. काही पोलादांत तर हायड्रोजन शिरून ती ठिसूळ बनतात.

दाबाचा पेच : उशिरा फवारणी करायची तर शंभर बारहून अधिक दाब लागतो. ३५० बारच्या टाकीतील दाब त्याखाली उतरला, की पाव भागाहून अधिक इंधन शिल्लक असूनही निरुपयोगी ठरते.

टोयोटाने मे २०२१ मध्ये जपानमधील फुजी येथील २४ तासांच्या शर्यतीत थेट फवारणीची हायड्रोजन कोरोला उतरवली. २०२३ मध्ये तिच्यात उणे २५३ अंश सेल्सिअसचा द्रवरूप हायड्रोजन वापरण्यात आला. तेव्हा इंजिनापेक्षा इंधन खेचणाऱ्या पंपाच्या टिकाऊपणाचाच प्रश्न मोठा ठरला.

भारतात रिलायन्स व अशोक लेलँड यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये हायड्रोजन इंजिनाचा अवजड ट्रक सादर केला. टाटा मोटर्सच्या १६ हायड्रोजन ट्रकच्या चाचण्या मार्च २०२५ मध्ये सुरू झाल्या. त्यांत इंजिन व फ्युएल सेल असे दोन्ही प्रकार असून मुंबई-पुणे परिसराचाही समावेश आहे.

थेट फवारणीने हायड्रोजनचे जुने दुखणे बरे होते, पण ते इंजेक्टरच्या इवल्याशा तोंडाशी येऊन साचते. ते कोडे सुटले, तर इंजिन बनवणारे कारखाने आणि ते दुरुस्त करणारे हात यांना नव्या इंधनाच्या युगातही काम उरेल.