फिनलंडमधील एक फसलेलें बंड

फिनलंड १९१७ सालीं रशियापासून स्वतंत्र झाला आणि दुसऱ्याच वर्षीं तेथें यादवी युद्ध पेटलें. त्यांत 'पांढऱ्यां'नीं 'तांबड्यां'चा पाडाव केला. परंतु माणसें इतकीं मेलीं कीं, पुढें दहा वर्षें लोटलीं तरी परस्परांविषयींचा संशय ओसरला नाहीं. १९२९ च्या अखेरीस लापुआ या गांवीं तरुण साम्यवाद्यांची एक सभा शेतकऱ्यांनीं उधळून लावली, आणि तेथूनच लापुआ चळवळ निघाली.

प्रारंभीं प्रतिष्ठित लोकांनीं या चळवळीकडे कौतुकानेंच पाहिलें. प्रतिपक्षाचीं माणसें पळवून, मारहाण करून रशियाच्या सरहद्दीवर नेऊन सोडण्यांत येत; तरी ७ जुलै १९३० रोजीं सुमारें बारा हजार शेतकरी हेलसिंकींत चालून आले, तेव्हां त्यांच्या स्वागतास राष्ट्राध्यक्ष व पंतप्रधान जातीनें हजर! दांडगाई एकदां गोड मानून घेतली कीं ती शत्रूच्याच दारापाशीं थांबते असें नाहीं. त्याच वर्षीं १४ ऑक्टोबरला देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष स्टॉलबर्ग यांस पत्नीसह मोटारींत घालून दूर योएन्सूपर्यंत नेण्यांत आलें. ज्यानें राज्यघटना रचण्यांत प्रमुख भाग घेतला, त्याची ही संभावना! पुढच्याच महिन्यांत पार्लमेंटनें प्रजासत्ताकाच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्याचा रोख अर्थातच साम्यवाद्यांवर होता.

१९३१ सालीं स्विनहुवुद हे १५१ विरुद्ध १४९ मतांनीं राष्ट्राध्यक्ष झाले. पराभूत उमेदवार स्टॉलबर्गच होते, आणि लापुआवाल्यांचा पाठिंबा स्विनहुवुद यांस होता. तेव्हां ते आपलेच, अशी त्या मंडळींची समजूत झाली असल्यास नवल नाहीं. मात्र एक गोष्ट ते विसरले. हा गृहस्थ मूळचा न्यायाधीश. झारच्या बेकायदा हुकुमापुढें मान न तुकविल्यामुळें १९१४ सालीं त्यास सैबेरियांत हद्दपारी भोगावी लागली होती.

२७ फेब्रुवारी १९३२ रोजीं मॅन्त्सॅला येथें समाजवाद्यांच्या सभेवर सुमारें चारशें सशस्त्र माणसें गोळीबार करीत चालून आलीं. पाहतां पाहतां त्यांस इतर ठिकाणांहून कुमक मिळाली, आणि मंत्रिमंडळानें राजीनामा द्यावा अशी मागणी झाली. खरा धोका या चारशें जणांचा नव्हता. 'नागरिक रक्षक दल' नांवाची सुमारें एक लाखाची हत्यारबंद संघटना कोणत्या बाजूस वळते, यावर सर्व कांहीं अवलंबून होतें. बंडखोर तिच्यांतलेच होते.

स्विनहुवुद यांनीं सैन्यास सज्ज ठेविलें, आणि २ मार्चला रेडिओवरून ते स्वतः बोलले. आपण जन्मभर कायद्यासाठीं झगडलों, आतां तोच पायदळीं तुडविला जाऊं देणार नाहीं. जे साधे लोक मुकाट्यानें घरीं परततील त्यांस शिक्षा नाहीं, चिथावणाऱ्यांस मात्र होईल, असा त्या भाषणाचा आशय होता. पुढाऱ्यांपासून अनुयायांस तोडण्याचें काम या एका वचनानें साधलें. रक्षक दलाचा फार मोठा भाग जागचा हलला नाहीं, आणि ६ मार्चला बंड संपलें. अकरा महिन्यांनीं जर्मनींत हिंडेनबुर्ग यांच्यापुढें निराळ्या रूपानें हाच प्रश्न आला, तेव्हां त्यांनीं हिटलरला चॅन्सेलर नेमलें!

लापुआ चळवळीवर बंदी आली ती १९३० च्या त्याच कायद्यान्वयें. पुढाऱ्यांस शिक्षा मात्र सौम्य झाल्या. इतक्या कीं, न्यायालयासही त्यांच्याविषयीं ममत्व होतें काय, अशी शंका यावी. त्यांच्या अनुयायांनीं काढलेल्या नव्या पक्षास १९३३ सालीं दोनशेंपैकीं १४ जागा मिळाल्या, १९३९ त अवघ्या ८. मध्यंतरीं, १९३७ सालीं, शेतकरी पक्ष व समाजवादी एकाच मंत्रिमंडळांत बसले. साम्यवाद्यांस मात्र १९४४ पर्यंत उघड राजकारणांत पाऊल टाकतां आलें नाहीं.