वही जाळायची की चालू ठेवायची? सुप्याचं १८७५ आणि पंधरा हजारांचं कार्ड

कानात इअरफोन, हातात लोकलचा दांडा किंवा बसची खिडकी, जिथे असाल तिथे स्वागत. आजचा भाग पैशांबद्दल आहे, पण सुरुवात १५० वर्षं मागे जाऊन करायची आहे.

त्याआधी एक प्रश्न. माझ्या पाकिटात दोन क्रेडिट कार्डं आहेत. एकाची मर्यादा ६० हजार, दुसऱ्याची फक्त १५ हजार. हे छोटं कार्ड मी २०२१ मध्ये घेतलं, तेही बँकेत २० हजारांची एफडी ठेवून. कारण तेव्हा मला दुसरं कुणी कार्ड देत नव्हतं. २०२० मध्ये पगार थांबला, जुन्या कार्डाचं बिल थकलं, शेवटी बँकेशी तडजोड करून कमी रकमेत मिटवलं. मला वाटलं, सुटलो. पण माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये त्या खात्यासमोर शब्द आला 'सेटल्ड'. पुढे साधं बाईकचं कर्ज नाकारलं गेलं तेव्हा त्या शब्दाचा अर्थ कळला.

आता गाडी रुळावर आली आहे. आणि ते छोटं कार्ड दिसलं की मला तो काळ आठवतो. वाटतं, बंद करून टाकावं एकदाचं. करावं का?

चला सुप्याला.

१२ मे १८७५

सुपे म्हणजे पुणे जिल्ह्यातलं, आजच्या बारामती तालुक्यातलं गाव. तेव्हाही मोठा बाजार भरायचा. १२ मे १८७५ ला आजूबाजूचे शेतकरी तिथे जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी काय मागितलं? आधी मागितल्या वह्या आणि कर्जरोखे. आणि ते सगळे कागद जाळले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरलं. माणसांवर हात टाकल्याच्या घटना त्या मानाने कमी होत्या, राग होता तो कागदावर. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

कागदावर एवढा राग का? तर १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिथला कापूस इंग्लंडला पोचेना, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार उधार द्यायला एका पायावर तयार. युद्ध संपलं, भाव कोसळले, उधारी बंद झाली. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. म्हणजे पैसा आटला आणि देणी मात्र वाढली.

आता यातली गंमत बघा, खरं तर दुर्दैव. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला होता. कर्जरोखा तीन वर्षंच ग्राह्य धरायचा, म्हणजे जुनी कर्जं अनंतकाळ फुगत राहणार नाहीत, असा हेतू. पण झालं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा. जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज, मिळून नवं मुद्दल! शेतकरी अंगठा उठवायचा. त्यात काय लिहिलंय हे त्याला वाचता येत नव्हतं. पैसे फेडले तर पावती नाही. वहीत त्याच्या चुकांची नोंद होती, पण त्याने फेडल्याची नोंद असेलच असं नाही.

म्हणून वही जाळली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती वही नव्हती, गळ्यातला फास होता.

आग विझल्यावर

पण पुढे काय? वही जळाली तरी मृग नक्षत्र येतंच, आणि पेरणीला बी-बियाणं लागतंच. जाळपोळीने जुनी नोंद गेली, नवी पत तयार झाली नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी दिलासा कायदा आला. त्यातल्या दोन गोष्टी मला फार आधुनिक वाटतात. एक, न्यायाधीशाने फक्त रोख्यावरचा आकडा पाहायचा नाही, तर व्यवहाराचा सगळा इतिहास अगदी सुरुवातीपासून तपासायचा. दुसरी, शेतकऱ्याला पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क. थोडक्यात, कायद्याने वह्या बंद केल्या नाहीत. वही दोन्ही बाजूंनी लिहिली जावी आणि कर्जदारालाही तिची नक्कल मिळावी, असं म्हटलं.

पुढे १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. शब्द बघा: पतसंस्था, पतपेढी, ऐपत. 'त्याची बाजारात पत आहे' असं आपण म्हणतो तेव्हा त्याच्याकडे पैसे आहेत एवढंच म्हणत नाही. त्याने शब्द पाळल्याचं लोकांना आठवतं, असं म्हणतो. पत म्हणजे लोकांच्या आठवणीत असलेली तुमची नोंद.

आठवण ठेवणाऱ्या कंपन्या

गावात ही आठवण माणसांकडे असते. शहरात कुणाकडे? हा प्रश्न अमेरिकेला आधी पडला. १८३७ च्या मंदीत पोळलेला न्यूयॉर्कचा रेशीम व्यापारी लुईस टॅपन याने १८४१ मध्ये मर्कंटाइल एजन्सी काढली. गावोगावचे बातमीदार व्यापाऱ्यांची माहिती पाठवायचे आणि ती मोठ्या वह्यांत उतरवली जायची. १८९९ मध्ये अटलांटात रिटेल क्रेडिट कंपनी सुरू झाली, तीच आजची इक्विफॅक्स. या कंपन्या लोकांबद्दल काय लिहितात हे त्या लोकांनाच कळत नव्हतं. १९७० च्या कायद्याने अमेरिकन माणसाला स्वतःची नोंद पाहण्याचा आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क मिळाला. सुप्याचीच मागणी, फक्त इंग्रजीत! नंतर १९८९ मध्ये फायको स्कोर आला आणि अख्खी वही तीन अंकांत मावली.

भारतात सिबिलची स्थापना २००० मध्ये झाली. पतमाहिती कंपन्यांसाठीचा कायदा २००५ चा. २०११ पासून सामान्य माणसाला स्वतःचा सिबिल स्कोर पाहता येऊ लागला. आणि २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. १८७९ चं पासबुक आता आपल्या मोबाईलमध्ये आलंय. आपण उघडतो का, हा वेगळा प्रश्न!

मग ते कार्ड?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. छोटं कार्ड बंद करावंसं वाटतं त्यामागे माझ्या मनात खरं काय होतं? वही जाळण्याचीच इच्छा. पण इथे दोन गडबडी आहेत.

पहिली, ही वही जळत नाही. कार्ड बंद केलं तरी जुना इतिहास रिपोर्टमधून लगेच पुसला जात नाही. आपल्याकडे पतमाहिती किमान सात वर्षं जपायची असते. आणि 'सेटल्ड' हा डाग तर वेगळ्याच खात्यावर आहे. छोट्या कार्डाचा त्यात काय दोष? ते तर माझ्या बाजूने साक्ष देणारं कार्ड आहे.

दुसरी गडबड जास्त महत्त्वाची. सावकाराच्या वहीत शेतकऱ्याच्या फेडीची नोंद भरवशाची नव्हती. आजच्या वहीत वेळेवर भरलेला प्रत्येक हप्ता लिहिला जातो. आणि १५ हजारांच्या कार्डाचं बिल वेळेवर भरलं की जी ओळ लिहिली जाते, तीच ओळ दीड लाखाच्या कार्डालाही लिहिली जाते: वेळेवर भरलं. कार्ड बंद केलं की जुन्या चांगल्या ओळी राहतात, पण नव्या थांबतात.

आता थोडं गणित, घाबरू नका. समजा महिन्याला मी कार्डांवर २१ हजार खर्च करतो. दोन्ही कार्डं मिळून मर्यादा ७५ हजार, म्हणजे वापर २८ टक्के. छोटं बंद केलं तर मर्यादा उरते ६० हजार आणि तोच खर्च होतो ३५ टक्के. खर्च एक रुपयाही वाढला नाही, तरी कागदावर मी जास्त उधारीवर जगणारा दिसतो. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवा, असं सर्रास सांगतात. ही लक्ष्मणरेषा नाही, पण कमी तितकं बरं, हे नक्की. आणि हो, छोट्या कार्डावरच १४ हजार उडवलेत, तर त्या एका कार्डाचा वापर ९३ टक्के दिसतो. म्हणून त्यावर मोबाईलचं रिचार्ज, एखादं वीजबिल, एवढंच टाकायचं आणि पूर्ण रक्कम ऑटो-पेवर ठेवायची.

'मग ठेवतो ड्रॉवरमध्ये, वापरत नाही,' असंही चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार कार्ड वर्षभराहून जास्त काळ वापरलं नाही, तर बँक तुम्हाला कळवून, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर, ते बंद करू शकते. म्हणजे निर्णय तुमचा राहत नाही.

बंद करणंही बरोबर असू शकतं

आता दुसरी बाजू. दरवेळी कार्ड ठेवाच, असं मी म्हणणार नाही. वार्षिक फी भरावी लागते आणि बदल्यात काही मिळत नाही? आधी फी माफ करा म्हणून विचारा, बिनफीचं कार्ड बदलून मागा. नाहीच जमलं तर बंद करा. एफडीत अडकलेल्या २० हजारांची घरात खरंच गरज आहे? बंद करा. स्कोर घरापेक्षा मोठा नाही. आणि कार्ड हातात असलं की हात आवरत नाही, दर महिन्याला 'किमान रक्कम' भरून पुढे ढकलताय? मग तर नक्कीच बंद करा. वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपासचं व्याज म्हणजे तोच तीन वर्षांचा रोखा, फक्त दर महिन्याला नवा.

बंद करायचं ठरलं तर पद्धत अशी. वर्षभरात मोठं कर्ज घ्यायचं असेल तर ते मंजूर होईपर्यंत थांबा. सगळी बाकी भरा, शेवटचा रुपयासुद्धा. लेखी विनंती करा. बाकी शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायला हवं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड. 'काही देणं नाही' असं पत्र घ्या. आणि दोन महिन्यांनी रिपोर्ट उघडून बघा, तिथे 'क्लोज्ड' लिहिलंय ना, 'सेटल्ड' तर नाही ना. चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

मी काय ठरवलं? पुढच्या वर्षी बाबांच्या घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढायचंय. माझ्या छोट्या कार्डाला फी नाही. तोवर ते चालू. आणि त्या जुन्या 'सेटल्ड' खात्याची सोडलेली रक्कम भरून नोंद बदलून घेण्यासाठी बँकेला पत्र दिलंय. खरं काम तिथे होतं. मी उगाच पंधरा हजारांच्या कार्डावर राग काढत होतो.

सुप्याच्या शेतकऱ्याला वही वाचता येत नव्हती, म्हणून त्याने ती जाळली. आपल्याला वाचता येते. तर आज घरी गेल्यावर एवढंच करा: आपला रिपोर्ट उघडा आणि प्रत्येक ओळ वाचा. मग ठरवा, कुठलं कार्ड ठेवायचं ते.

भेटू पुढच्या भागात. तोवर पत सांभाळा, आणि स्वतःलाही!