कागद, तबकडी आणि बडी बोल्डन

जॅझ नक्की कुणी सुरू केलं याला एका वाक्यात उत्तर नाही. पण जॅझची पहिली रेकॉर्ड कुणाची, याला आहे, आणि मला ते दरवेळी खटकतं. २६ फेब्रुवारी १९१७ला न्यूयॉर्कमध्ये 'ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड'ने व्हिक्टर कंपनीसाठी दोन गती वाजवल्या. पाचही वादक गोरे! होते न्यू ऑर्लिन्सकडचेच, पण ज्या काळ्या वादकांनी हे संगीत घडवलं त्यांच्यातला एकही नाही. रेकॉर्ड मात्र धमाल आहे हां. वाद्यांतून चक्क कोंबडा आरवतो, घोडा खिंकाळतो.

आता जरा मागे जाऊ. १८९९ साली मिझुरी राज्यातल्या सेडेलियात स्कॉट जॉपलिनचा 'मेपल लीफ रॅग' छापला गेला. जॉपलिनचे वडील गुलामगिरीतून सुटलेले. करारात त्याला प्रत्येक प्रतीमागे एक सेंट मिळायचा होता. रॅगटाइमची गंमत पियानोच्या दोन हातांत आहे. डावा हात मार्चसारखा इमानदारीत ठेका धरतो, आणि उजवा ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे पडत त्याची मस्करी करतो. जॉपलिन स्वतः शिस्तीचा. रॅगटाइम घाईत वाजवू नका, अशी सूचना तो चक्क छापून घ्यायचा.

त्याच सुमारास न्यू ऑर्लिन्समध्ये बडी बोल्डन कॉर्नेट वाजवत होता (तुतारीच्या कुळातलं वाद्य, ट्रम्पेटचा धाकटा भाऊ म्हणा). त्याच्याकडे रॅग होते, ब्लूज होते, चर्चमधलं गाणं होतं, मिरवणुकीतला बँड होता, आणि हे सगळं तो नाचणाऱ्या लोकांसमोर वाजवायचा. पुढच्या पिढीतले वादक त्याच्याबद्दल भरभरून बोलतात. पण १९०७ मध्ये त्याला मानसिक आजारामुळे राज्याच्या इस्पितळात ठेवलं. त्याची एकही रेकॉर्ड आज आपल्याकडे नाही. फोटोसुद्धा एकच.

थोडक्यात, बॅकअप नाही! आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना हा शब्द आधी सुचणार, त्याला इलाज नाही.

जॉपलिनकडे निदान कागद होता. 'ट्रीमोनिशा' हा ऑपेरा त्याने १९११ मध्ये स्वतःच्या खर्चाने छापला. त्या पहिल्या रेकॉर्डनंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, १ एप्रिल १९१७ला, तो गेला. 'ट्रीमोनिशा' पूर्ण रूपात रंगमंचावर यायला १९७२ उजाडलं, पण आला, कारण तो लिहिलेला होता. जॅझचं तसं नाही. स्वरलिपीत धून उतरते, पण ती वाजवताना आयत्या वेळी जे सुचतं ते कसं लिहिणार?

म्हणून ऐकायचंच असेल तर माझ्या मते १९२३ सालच्या किंग ऑलिव्हरच्या रेकॉर्डपासून सुरुवात करा. त्यात दुसरा कॉर्नेट विशीतल्या लुई आर्मस्ट्राँगचा आहे. बोल्डन तेव्हा जिवंत होता. त्याच इस्पितळात, आणखी आठ वर्षं.