खाट एक, रुग्ण अनेक : गेम थिअरी आणि कोरोनाकाळातील मुंबई

१/८ मे २०२०. आरे कॉलनीच्या वेशीजवळ, गोरेगावच्या नेस्को संकुलातील प्रदर्शनाच्या दालनांत रुग्णांसाठी खाटा मांडल्या जात होत्या. खाटा वाढत होत्या, रुग्ण त्याहून वेगाने. मग असलेली खाट कोणाला द्यायची? मुंबईने या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले, त्याचा हा इतिहास.

२/८ एकाच्या निर्णयाचे फळ जेव्हा इतरांच्या निर्णयांवर अवलंबून असते, तेव्हा काय घडते याचे गणित म्हणजे गेम थिअरी. १९५० साली अमेरिकेतील रँड संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी एक खेळ मांडला. तोच पुढे ‘कैद्यांचा पेच’ म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक जण स्वतःपुरता शहाणपणाने वागतो आणि शेवटी सर्वांचेच नुकसान होते.

३/८ साथीत हेच घडते. आज लक्षणे सौम्य आहेत, पण उद्या खाट मिळाली नाही तर? या भीतीने कुटुंब आजच खाट अडवते. यात दुष्ट कोणीच नाही. तरीही सौम्य रुग्ण खाटेवर आणि धाप लागलेला रुग्ण रुग्णवाहिकेत, अशी स्थिती होते.

४/८ असा पेच उपदेशाने सुटत नाही. खेळाचे नियम बदलावे लागतात. मे २०२० मध्ये राज्य शासनाने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा आपल्या नियंत्रणाखाली घेतल्या आणि दिवसाचे कमाल दर ठरवले : साध्या विलगीकरण कक्षासाठी ४,०००, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. पैसेवाला रुग्ण निवडण्याचा मोह त्यामुळे कमी झाला.

५/८ जूनमध्ये महापालिकेने २४ विभागांत ‘वॉर रूम’ उघडल्या. चाचणीचा अहवाल आधी पालिकेकडे, तेथून विभागाकडे जाई. मग रुग्णाला दूरध्वनी होई, लक्षणे विचारली जात आणि खाट ठरे. दारोदार फिरण्याऐवजी रांग एक झाली.

६/८ गणिताला ही वाट परिचित होती. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ साली ‘स्थिर जुळणी’ची पद्धत मांडली, २०१२ मध्ये शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. वॉर रूममध्ये त्यांचे सूत्र चालत नव्हते. पण दोहोंचा गाभा एकच : सर्वांची गरज एका ठिकाणी कळली, तर धावाधाव करून लाभ उरत नाही.

७/८ खरी कसोटी एप्रिल २०२१ मध्ये लागली. प्राणवायू अपुरा पडू लागल्याने एका रात्रीत सहा रुग्णालयांतील १६८ रुग्ण इतरत्र हलवावे लागले. रिकाम्या खाटा कोठे आहेत, हे एका ठिकाणी ठाऊक नसते तर ते अशक्यप्राय होते. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या अनुभवातून शिकण्याची सूचना केली. तरीही त्या लाटेत अतिदक्षता विभागातील खाटेसाठी अनेकांना ताटकळावे लागलेच. नियम रांग सरळ करतो. खाटा निर्माण करत नाही.

८/८ रांग कशी लावावी, हे गणित सांगते. रांगेत पुढे कोण असावे, वशिल्याचा, पैशाचा की श्वास कोंडलेला, हे मात्र समाजाने ठरवायचे असते. आणि तेही साथ येण्यापूर्वी.