चावरा कुत्रा आणि त्याचा धनी
परप्रांती बदलीवर गेलेल्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या ओळखीची एक पाटी आहे. सिव्हिल लाइन्समधील जुन्या बंगल्याच्या फाटकावर ती टांगलेली असते : 'कुत्र्यापासून सावध राहा'. इंग्रजांच्या जुन्या न्यायपद्धतीत ही पाटी मालकावरच उलटण्याचा संभव असे. कुत्रा चावरा आहे हे मालकास ठाऊक होते काय, हा तेथे मुख्य प्रश्न. आणि स्वहस्ते पाटी टांगणाऱ्यास 'ठाऊक नव्हते' असे म्हणणे अवघडच.

या नियमामुळे कुत्र्याला पहिला चावा माफ असतो, अशी त्या देशात म्हण पडली. १८६५ च्या कायद्याने मेंढ्या व गुरे यांच्यापुरती ही अट काढून टाकली. मेंढी फाडली की मालकाने भरपाई द्यावी, त्यास ठाऊक असो वा नसो. माणसाच्या पोटरीस मात्र त्या कायद्याने हे भाग्य दिले नाही! तथापि त्या जुन्या नियमात एक शहाणपण होते. विचारणा व्हायची ती धन्याची. कुत्र्याचे कुळ कोणी पुसत नसे.

कुळाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. खुंटाला बांधलेल्या बैलाच्या नाकाचा चावा घेऊन लोंबकळत राहावे, एवढ्यासाठी इंग्रजांनी बुलडॉग घडवला. १८३५ मध्ये पार्लमेंटने हा खेळ व कुत्र्यांच्या झुंजी दोन्ही बंद केल्या. बैल लपवता येत नाही, कुत्री लपवता येतात. म्हणून शौकिनांनी बुलडॉग आणि टेरिअर यांच्या संकरातून चपळ कुत्री निपजवून चोरून झुंजी चालू ठेवल्या. खुद्द बुलडॉग मात्र बेकार झाला आणि प्रदर्शनांत शिरला. तेथे पैदासकारांना हवा होता चपटा चेहरा आणि सौम्य स्वभाव. काही दशकांत बैलाशी भिडणारा हा प्राणी दिवाणखान्यातील धापा टाकणारा सोबती बनला. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, असे आपण म्हणतो. येथे माणसाने शेपटाबरोबर स्वभावही पालटला, आणि तोही आपल्या गरजेप्रमाणे.

झुंजीच्या संकराची संतती अमेरिकेतही गेली. तेथे एका संस्थेने १८९८ मध्ये तिची नोंद 'पिट बुल टेरिअर' म्हणून केली. दुसरीने १९३६ मध्ये त्याच रक्ताची कुत्री 'स्टॅफर्डशायर टेरिअर' या सभ्य नावाने स्वीकारली. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर बुल टेरिअरला १९३५ मध्ये मान्यता मिळाली होती. पुढे १९९१ मध्ये मुलांवरील हल्ल्यांनी लोक संतापले तेव्हा ब्रिटिश सरकारने घाईने कायदा करून पिट बुलसह चार प्रकारची कुत्री निषिद्ध ठरवली. एकाच आजोबांची नातवंडे; एक गुन्हेगार ठरले, दुसरे घरोघर लाडके राहिले! निषेध 'प्रकारा'चा असल्यामुळे वंशावळीस अर्थ उरला नाही. डोके, छाती, पाय यांच्या मापांवरून कुत्र्याचे भवितव्य ठरू लागले. मग पिट बुलच्याच रक्तातून अमेरिकेत निपजलेला, अधिक धिप्पाड असा 'एक्स-एल बुली' आला. तो यादीत नव्हता. त्याचे नाव यादीत चढून इंग्लंड व वेल्समध्ये विनापरवाना बाळगणे गुन्हा ठरले ते १ फेब्रुवारी २०२४ पासून. १९९१ च्या त्याच कायद्यात कोणत्याही जातीचे कुत्रे बेताल झाल्यास मालकास जबाबदार धरणारे एक कलम होते. परंतु गाजावाजा झाला तो यादीचाच.

जातीत काहीच नाही, असे आम्हास म्हणावयाचे नाही. भक्कम जबड्याचा चावा आणि पॉमेरेनियनचा चावा एक नव्हे, आणि ज्याचे मूल गेले त्यास हा वाद ऐकवू नये. तथापि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पाहणीवर आधारलेल्या संशोधनात कुत्र्याकुत्र्यांतील वर्तनभेदापैकी जातीच्या वाट्यास सुमारे ९ टक्केच आले. इटलीने २००३ मध्ये ९२ जातींची यादी केली. तीत इंग्लंडच्या राणीचा आवडता, आखूड पायांचा कॉर्गीही सापडला! ती यादी पुढे आक्रसत गेली आणि २००९ मध्ये रद्द होऊन मालकाची जबाबदारी तेवढी शिल्लक राहिली.

आपल्याकडेही मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने २३ जातींवर बंदी सुचवणारे परिपत्रक राज्यांना धाडले. संबंधितांचे म्हणणे न ऐकता ते काढले, या कारणासह कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द केले. मसुदे लिहिण्यात आयुष्य घालवलेल्या आमच्या वाचकांस यात शिकण्याजोगे काही सापडेल.

वस्तुतः आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेत कलम २८९ होतेच. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसास संभवणारा धोका टाळण्याची पुरेशी तजवीज जाणूनबुजून वा हयगयीने न करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जातीचा उल्लेख त्यात कोठेही नाही. १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेत ते कलम २९१ म्हणून आले, आणि दंडाची मर्यादा पाच हजारांवर गेली. उंची जातीच्या पिलाला याहून पुष्कळ अधिक किंमत पडते.