वर्गवारीचा कारभार

अमरसिंहानें आपल्या कोशांतील शब्द अकारविल्हे लाविले नाहींत, वर्गवार लाविले, हें ज्यांनीं अमरकोश घोकला आहे त्यांस सांगावयास नको. परंतु ती मांडणी एकदां कोश म्हणून न पाहतां समाजाचें चित्र म्हणून पाहावी. हत्ती व घोडा हे पशु खरे, पण ते सिंहादिवर्गांत नाहींत. सैन्याबरोबर क्षत्रियवर्गांत आहेत. गाय-बैल वैश्यवर्गांत, आणि बिचारा कुत्रा शूद्रवर्गांत. मद्य व द्यूत यांची वाचक नामेंही त्याच वर्गांत टाकलेलीं. जणूं युधिष्ठिर कधीं फांसे खेळलाच नव्हता! अमरसिंहास कोणाची निंदा करावयाची होती असें आम्हांस वाटत नाहीं. त्यास शब्द कोठें तरी ठेवावयाचे होते. परंतु ठेवणाऱ्याच्या काळाचा निवाडा वर्गांत उतरतो तो असाच, कोणी कांहीं न बोलतां.

पाश्चात्यांची गोष्ट निराळी नाहीं. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालानें १८७६ सालीं आपलें दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केलें. त्यांत धर्मास २०० ते २९९ असे शंभर अंक मिळाले; पैकीं बहुतेक ख्रिस्ती धर्मानेंच व्यापले, आणि हिंदु, बौद्ध, मुसलमान, यहुदी, पारशी या सर्वांस मिळून २९० पासूनच्या दहा अंकांत दाटीवाटीनें बसावें लागलें. मद्रासच्या रंगनाथन् यांनीं १९३३ सालीं विषयाचे घटक पाडून ते जोडण्याची अधिक लवचिक रीत दाखविली. तरी पुस्तकास फळीवर जागा एकच, ही अडचण कोणासच चुकली नाहीं.

ती अडचण विकीनें दूर केली. वॉर्ड कनिंगहॅम यांनीं १९९५ सालीं पहिला विकि उघडला. ज्याचीं पानें कोणाही वाचकानें बदलावीं असा तो संग्रह. तेथें वर्ग म्हणून निराळी सोय नव्हती. वर्गाच्या नांवाचें एक पान असे, आणि ज्या ज्या पानांतून त्याकडे दुवा जाई तीं पानें त्या वर्गाचीं समजावयाचीं. २००१ सालीं विकिपीडिया निघाला, २००३ सालीं त्याची मराठी आवृत्ति सुरू झाली, आणि २००४ सालीं मीडियाविकि या प्रणालींत वर्गांची स्वतंत्र योजना आली. मराठी विकिपीडियानें तीस शब्द योजिला तो अमरकोशांतलाच: ‘वर्ग’.

या योजनेचें मर्म असें कीं वर्गाची यादी कोणी एके ठिकाणीं लिहून ठेवीत नाहीं. बहुधा पानाच्या अखेरीस वर्गाच्या नांवाची चिठी लावलेली असते, आणि अशा चिठ्यांवरून यंत्र यादी जुळवितें. म्हणून एका पानास दहा वर्ग असूं शकतात. म्हणूनच वर्गाचें नांव बदलावयाचें तर त्यांतील पान न् पान उघडावें लागतें. आणि जो वर्ग कोणी निर्माणच केला नाहीं त्याचीही चिठी लावतां येते. यंत्र हरकत घेत नाहीं. एक वर्ग दुसऱ्याचा पोटवर्ग आणि दुसरा पुन्हां पहिल्याचा, हा बापलेकांचा घोटाळाही तें निमूटपणें सोसतें.

इतक्या सोयीच्या योजनेंत अन्याय कसा शिरतो हें २०१३ च्या एप्रिलांत दिसलें. अमांडा फिलिपाकी या कादंबरीलेखिकेनें ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्यें लिहून जगाच्या नजरेस आणलें कीं इंग्रजी विकिपीडियावरील ‘अमेरिकन कादंबरीकार’ या वर्गांतून स्त्रियांचीं नांवें एकेक करून काढलीं जात आहेत, आणि ‘अमेरिकन स्त्री-कादंबरीकार’ या पोटवर्गांत ठेविलीं जात आहेत. मूळ वर्ग फार फुगला, ही सबब. पुरुषांकरितां मात्र तसा पोटवर्ग नव्हता. ते नुसते कादंबरीकार! कोणाचेंही चरित्र खोडलें नव्हतें, एकही वाक्य खोटें लिहिलें नव्हतें. हललेली वस्तु एवढीच, पानाच्या तळची चिठी. गवगवा झाल्यावर वाद माजला, मतें दिलीं गेलीं, नांवें परत आणण्याची खटपट झाली. आमच्या मतें या प्रकरणांत लक्ष देण्याजोगी गोष्ट ही कीं तें काम हातानें, सावकाश, वर्णानुक्रमानें चाललें होतें. म्हणून तें पुरें होण्यापूर्वींच कोणाच्या तरी दृष्टीस पडलें.

आतां हात बदलत आहे. पूर्वींही विकीवर ‘बॉट’ नांवाचे यांत्रिक हमाल होते. ते अमुक नांवाची चिठी काढून तमुक लावीत, आणि इंग्रजी विकिपीडियावर त्यांस कामास लावण्यापूर्वीं मंजुरी घ्यावी लागते. हमालास मत नसतें. परंतु कृत्रिम बुद्धीचा ‘एजंट’ हा हमाल नव्हे, मुखत्यार आहे. “वर्ग नसलेलीं पानें शोधून त्यांस योग्य वर्ग लाव,” एवढें साध्या भाषेंत सांगितलें कीं तो तशा पानांची यादी मागवितो, पान वाचतो, असलेले वर्ग धुंडाळतो, आणि योग्य काय तें स्वतःच ठरवून लिहून मोकळा होतो. धुंडाळण्याचा कंटाळा केला तर, म्हणजे तशी आज्ञा वा साधन त्यास दिलें नसेल तर, ऐकावयास शोभेल असें नवें नांव बनवितो. मग ‘मराठी लेखक’ असतां ‘मराठी साहित्यकार’ असा जुळा भाऊ जन्मास येतो, आणि अर्धीं पानें इकडे, अर्धीं तिकडे.

तरीही या मुखत्यारास दारांतूनच परत पाठवावें असें आम्ही म्हणणार नाहीं. वर्गाविना पडलेल्या पानांचा ढीग उपसणें हें माणसाचा जीव खाणारें काम आहे, आणि तें स्वेच्छेनें करणारे हात मराठींत किती थोडे! परंतु ‘अमुक नदी कोणत्या जिल्ह्यांत’ हा प्रश्न आणि ‘अमुक बाई कादंबरीकार कीं स्त्री-कादंबरीकार’ हा प्रश्न त्यास एकाच दमांत सोडवूं देऊं नये. पहिला त्यानें सोडवावा. दुसऱ्यांत त्यानें केवळ सूचना करावी व चिठी माणसानें लावावी. नवा वर्ग काढण्याची सनद तर त्यास मुळींच देऊं नये. शिवाय त्याचें खातें मालकाच्या खात्याहून वेगळें असावें. विकीच्या पानाचा इतिहास प्रत्येक फेरफार कर्त्याच्या नांवासह जपून ठेवितो. नांव वेगळें असलें तर त्या मुखत्यारानें एका रात्रींत हलविलेल्या चिठ्या निवडून सकाळीं पूर्ववत् करतां येतात. नांव एकच असलें तर मालकाचें कोणतें व मुखत्याराचें कोणतें, हें शोधीत बसावें लागतें.