साठ मिनिटांचा राजपुत्र

१ मे १९९९ला परभणीतून आमचा हिंगोली जिल्हा वेगळा झाला. दोन वर्षांनी एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा आली आणि क्लासच्या निमित्ताने आमच्या पिढीच्या हाती गेम लागले. सरांची पाठ वळली की 'प्रिन्स ऑफ पर्शिया' सुरू! जॉर्डन मेक्नरचा हा १९८९चा गेम. राजकन्येला सोडवायला फक्त साठ मिनिटं. शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकलं, तरच जमिनीतून उसळणाऱ्या सुळ्यांतून सुटका. त्यात लाईट गेली की सगळं मुसळ केरात. पुढे मोबाईलवर पबजी हा ऑनलाइन गेम आला. २ सप्टेंबर २०२०ला सरकारने त्यावर बंदी घातली. तोवर आमच्या जिल्ह्यातल्या वसमत-कळमनुरीची पोरं घरबसल्या एका संघात खेळू शकली, हे ऑनलाइनचं मोठं देणं. पण कसब विचाराल, तर माझं मत जुन्या प्रिन्सलाच. पोरांना एकदा तो खेळायला द्याच.